पुन्हा तेच, 'पूर्ण जबाबदारी माझी'

नमस्कार श्रोतेहो.

सकाळी लॅपटॉप उघडला की आधी बघायचं, लॉगिन होतंय ना? सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या कितीतरी जणांना आता ही सवय जडली आहे. मलाही आहे. एकाच कंपनीत मी नोकरकपातीच्या तीन फेऱ्या पाहिल्या. तिन्ही वेळा माझी नोकरी टिकली, पण वरिष्ठांच्या शब्दावरचा विश्वास काही टिकला नाही.

पहिल्या फेरीला लोक समजून घेतात हो. बाजार मंदावला, पैसा आटला, हे कर्मचाऱ्यालाही कळतं. आमच्या सीईओंनी जड आवाजात सांगितलं, 'एकदाच काय ते करतोय, पुन्हा ही वेळ येणार नाही.' आम्ही मान डोलावली आणि गेलेल्यांचं काम अंगावर घेतलं. वर्ष सरायच्या आत दुसरी फेरी आली. मेलमधली वाक्यं जवळपास तीच होती. तिसऱ्या वेळी टाउन हॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या बैठकीत, 'काही प्रश्न?' असं विचारलं, तेव्हा एकही हात वर झाला नाही. रोज मरे त्याला कोण रडे! वरिष्ठांना ती शांतता म्हणजे समजूतदारपणा वाटला असावा.

हे माझ्याच कंपनीत घडलं असं नाही. फेसबुक चालवणाऱ्या मेटा कंपनीचं उदाहरण घ्या. 2019 अखेर तिथे सुमारे 45 हजार माणसं होती. कोरोनाकाळात लोकांचा ऑनलाइन वावर वाढला, धडाधड भरती झाली आणि 2022च्या सप्टेंबरात आकडा 87 हजारांवर गेला. ही वाढ अशीच टिकेल हा अंदाज कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांचा होता, तो चुकला, आणि तसं त्यांनी कबूलही केलं. नोव्हेंबरात 11 हजारांहून अधिक लोक गेले. चार महिन्यांनी, मार्च 2023 मध्ये, आणखी 10 हजारांची घोषणा झाली. त्यातही तंत्रज्ञांचा निर्णय एप्रिलअखेर कळणार होता आणि व्यवसाय विभागाचा मेअखेर. म्हणजे मार्चपासून मेपर्यंत मानेवर टांगती तलवार घेऊन कामाला बसायचं. अशा दिवसांत नवं काही करून बघायचं धाडस कोण करेल? चूक दिसू नये, एवढंच प्रत्येक जण बघतो.

अंदाज चुकतात, ते मी समजू शकतो. पण अंदाज बांधणारा खुर्चीत राहतो आणि ज्याला भरतीबद्दल कुणी विचारलंही नव्हतं तो बाहेर पडतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. गूगलने जानेवारी 2023 मध्ये 12 हजार जागा कमी केल्या, तेव्हा तिचे सीईओ सुंदर पिचाई यांनी या निर्णयांची पूर्ण जबाबदारी आपली असल्याचं लिहिलं. नंतर एप्रिलमध्ये त्यांचा 2022चा मोबदला जाहीर झाला, सुमारे 22 कोटी 60 लाख डॉलर. त्यातला बहुतेक भाग तीन वर्षांतून एकदा मिळणाऱ्या शेअर्सचा होता, हेही सांगायला हवं. तरी नोटीस हातात पडलेल्या माणसाने 'जबाबदारी' या शब्दाचा अर्थ काय लावायचा?

त्या शब्दाला वजन देणारेही झालेत. जानेवारी 2014 मध्ये निन्टेंडो या जपानी व्हिडिओ गेम कंपनीला विक्रीचे अंदाज मोठ्या प्रमाणात खाली आणावे लागले. तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी पाच महिन्यांसाठी स्वतःचा पगार निम्मा केला, आणि इतर संचालकांचेही पगार कापले गेले. त्याच्या आदल्या वर्षीच त्यांनी भागधारकांना सांगितलं होतं की माणसं कमी केली तर तात्पुरते आकडे सुधारतील, पण राहिलेल्यांचं मनोबल खचेल.

मनोबल खचतं म्हणजे काय होतं, ते माझ्याकडून ऐका. तिसऱ्या फेरीत शेजारी बसणारी माझी सहकारी गेली. सकाळी अकराला तिला मीटिंगचं बोलावणं आलं, साडेअकराला चॅटमधून तिचं नाव गायब. मला त्या रात्री फोन करवला नाही. काय बोलणार होतो? तीन आठवड्यांनी केला. मी विचारपूस करायच्या आधी तिनेच विचारलं, "रात्रीचे अलर्ट आता कोण बघतं रे? तो बिलिंगचा प्रोग्रॅम महिनाअखेरीला अडकतो, हाताने सुरू करावा लागतो. हे कुणाला सांगायला वेळच दिला नाही त्यांनी."

मी वही घेतली आणि ती सांगत गेली तसं लिहून घेतलं.