पाचगावचं जंगल, पाचगावचा कारभार

(दृश्य : उन्हाळ्यातली पानगळ झालेली वाट. अंगणात तेंदूपत्त्याचे पुडे बांधणारे हात.)

उन्हाळा तापला की चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूपत्त्याचा, म्हणजे विडीच्या पानांचा, हंगाम सुरू होतो. पहाटे अख्खं घर जंगलात जातं. दुपारी सावलीत बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. हंगाम थोड्या दिवसांचा, पण रोकड हातात पडते. बी-बियाणं, पावसाळ्याचा किराणा, मुलांची पुस्तकं, सगळं त्यातून भागतं.

गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं हा पैसा नाकारला.

साठेक घरांचं गाव, वस्ती मुख्यतः गोंडांची. पैशाची गरज नव्हती असं मुळीच नाही. पण कोवळी पानं जोमानं फुटावीत म्हणून हंगामाआधी झुडपं छाटतात आणि अनेक ठिकाणी जंगलाला आगही लावतात. ती आग तेंदूपाशी थांबत नाही. मोहाची, ऐनाची, बांबूची नुकती वर आलेली रोपं जळतात, जमिनीवर पडलेलं बी जळतं. छाटलेल्या झुडपाचं झाड होत नाही, मग टेंभरं, म्हणजे तेंदूची फळंही, लागत नाहीत. गावानं बसून हे सगळं बोलून काढलं आणि पानं विकायची नाहीत असं ठरवलं.

(दृश्य : बांबूची रांजी, म्हणजे बेट, अगदी जवळून.)

हे ठरवण्याचा अधिकार गावाला मिळाला तो २००६ च्या वनहक्क कायद्यानं. २०१२ मध्ये पाचगावला १,००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. या कायद्यात ग्रामसभेला जंगलाचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क आहे. मात्र हातात हक्कपत्र आलं म्हणून जंगल वाढत नाही. त्यासाठी गावाला नियम करावे लागतात आणि ते शेजाऱ्याला, भावकीला, स्वतःलाही लावावे लागतात.

पाचगावच्या उत्पन्नाचा मुख्य आधार बांबू. त्याच्या तोडीला रीत असते. ही रांजी पाहा. मधोमध जुने बांबू आहेत, कडेला या वर्षीचे कोवळे. जून झालेला बांबू काढायचा आणि तोही जमिनीलगतच्या पेराच्या वर, नीट कापून. कोवळे उभे ठेवायचे, कारण पुढचे कोंब त्यांच्याच बुडातून येतात. पावसाळ्यात कोंब फुटत असताना तोड बंद. घाईत कडेचे सोपे बांबू कापले, तर मधला भाग गुंतत जातो आणि काही वर्षांत रांजी बसते. ठेकेदाराला या हंगामाचा माल हवा असतो. गावाला पुढच्या वीस वर्षांचा हवा असतो, म्हणून इथे तोडीची मजुरीही ग्रामसभा ठरवते आणि राखणीच्या पाळ्याही गावकरीच लावतात.

हा कारभार आपोआप जमत नाही. तो शिकावा लागतो आणि शिकायला काळ जातो. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा हे याचं सर्वांत जुनं आणि ठळक उदाहरण. गावातलेच नेते देवाजी तोफा आणि दिवंगत कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीनं घडलेलं हे गाव १९८० च्या दशकापासून अभ्यासगटात बसत आलंय. आधी विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं निर्णय. बहुमताच्या जोरावर काहीही पुढे रेटायचं नाही. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्या बैठकांतून आली.

(दृश्य : ग्रामसभेची बैठक. हजेरीवहीवर सह्या आणि अंगठे.)

२००९ मध्ये मेंढा-लेखाला सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला. तरीही बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात होता. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. मग खरी परीक्षा सुरू झाली. बांबू मोजणं, विक्री करणं, बँक खातं, पॅन कार्ड, करकपात. मोठमोठ्या कार्यालयांत लेखापाल करतात ती कामं मेंढ्याच्या माणसांनी शिकून घेतली. माझ्या मते ही गोष्ट बांबूच्या उत्पन्नापेक्षा मोठी आहे.

अमरावती जिल्ह्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी असलेल्या पायविहिरला तर उजाड टेकडी मिळाली. तिथल्या ग्रामसभेनं कुऱ्हाडबंदी केली, चराई आवरली, झाडं लावली. आज त्या टेकडीवरची सीताफळं मुंबईच्या बाजारात जातात.

(दृश्य : टेकडीचा उतार, समतल चर, सीताफळाची झाडं.)

महाराष्ट्रात २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत ५० कोटी झाडं लावण्याची मोहीम झाली. खड्डे खणले गेले, रोपं लागली. पण रोप लावलं की पहिल्याच उन्हाळ्यात शेळ्या येतात, वणवा येतो. तेव्हा धावून जायला गावात कुणी आहे का, त्याला तो अधिकार आहे का, आणि त्याच्या पाठीशी ग्रामसभेचा ठराव आहे का, यावर ते रोप जगणार की नाही हे ठरतं.

राज्यात हजारो ग्रामसभांकडे आज सामूहिक वनहक्क आहे. त्यांना पुढच्या कामासाठी हात हवेत. जंगलाचा व्यवस्थापन आराखडा लिहायला मदत करणारा माणूस, हिशेब शिकवणारं प्रशिक्षण, रोजगार हमीतून राखणीची आणि चर खणण्याची मजुरी वेळेवर, आणि बायांना बोलायला सोयीची पडेल अशा वेळी ठेवलेली बैठक. जिल्हा परिषद, आदिवासी विकास विभाग आणि वनविभाग यांनी ठरवलं, तर यातलं बरंच काही येत्या पावसाळ्याच्या आधी सुरू होऊ शकतं.