सांभाळणाऱ्यांचा हिशेब

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: पहाट. पत्र्याचं घर, पेटलेली चूल. आईच्या हातांचं जवळून चित्रण.]

या हातांकडे नीट बघा. चोवीस वर्षांच्या मुलाची आवळलेली मूठ उघडायची आहे. बोटं ओढून ती उघडत नाही, ओढाल तेवढी आणखी घट्ट होते. म्हणून आधी मनगट अलगद आतल्या बाजूला वाकवायचं. बोटं सैल पडतात. मग तळवा कोमट पाण्याने पुसायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या आणि जुन्या सुती लुगड्याची गुंडाळी मुठीत ठेवायची, म्हणजे नखं तळव्यात रुतत नाहीत.

मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. घरात त्याला दादा म्हणतात. आपलं नाव आणि गाव पडद्यावर नको, असं त्याच्या आईने सांगितलं. आपण त्यांना मावशी म्हणू.

[दृश्य: भरवणं. ताट, वाटी, मानेखालचा हात.]

वरणभात असा कालवायचा की एक शीत वेगळं लागता कामा नये. दादाची मान मागे गेली की घास श्वासनलिकेत जायची भीती, म्हणून एक हात मानेखाली आणि एक ताटात. घास गिळला गेला की नाही हे मावशी गळ्याकडे बघून ओळखतात. त्याशिवाय पुढचा घास नाही. जेवण पाऊण तास चालतं. त्यानंतर फिटची गोळी, कुटून, मधातून.

[दृश्य: साडीची झोळी. मावशी आणि थोरली मुलगी दादाला उचलून अंगणात आणतात.]

दोन पदरी घातलेली साडी त्याच्या पाठीखाली सरकवली जाते, दोन्ही टोकं दोघी मनगटाला गुंडाळतात, आणि एका दमात उंबरा ओलांडतात. ऊन अंगावर यावं, रस्ता दिसावा, एवढ्यासाठी रोज ही उचल. रात्री दर दोन तासांनी त्याची कूस बदलायची. दादाच्या पाठीवर आजवर एकही जखम झालेली नाही. चोवीस वर्षं अंथरुणावर काढलेल्या माणसाच्या बाबतीत ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते ज्यांनी कुणाला असं सांभाळलंय त्यांनाच कळेल.

[दृश्य: ऊस तोडणीला निघालेले ट्रॅक्टर. कुलूप घातलेली घरं.]

मराठवाड्याच्या डोंगरपट्ट्यातली ही गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली कुटुंबं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, कारखान्यांच्या तोडीवर जातात. तोडीचा सगळा व्यवहार जोडीवर चालतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकाने तोडायचं, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून गाडी भरायची. दादाचे वडील एकटेच जातात. ते अर्धा कोयता. उचलही त्याच हिशेबाने.

म्हणजे मावशींच्या श्रमाची किंमत बाजाराने ठरवलेली आहे. त्या फडात उभ्या राहिल्या असत्या तर कोयता पुरा झाला असता. त्या घरी राहून रात्रंदिवस जे काम करतात, त्याचा मात्र एक रुपयाही कुणी धरत नाही. गावात विचारा, उत्तर मिळतं, 'काही नाही, घरीच असतात, पोराकडं बघतात.'

[दृश्य: कायद्याच्या प्रतीची पानं. कलम 24 वर ओढलेली रेघ.]

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 साली झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. आधीच्या, 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, ते 21 झाले. त्याची चर्चा खूप झाली, व्हायलाच हवी होती. पण याच कायद्यात काळजी घेणाऱ्याचीही व्याख्या आहे. आईवडील असोत की घरातलं आणखी कुणी, पैसे घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीचा सांभाळ करणारा प्रत्येक माणूस त्या व्याख्येत बसतो. मावशी बसतात. आणि कलम 24 मध्ये, ज्यांना जास्त आधाराची गरज आहे अशा दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याचीही तरतूद आहे.

मग भत्ता कुठे आहे? कलमाच्या सुरुवातीलाच म्हटलंय की सरकारने आपल्या आर्थिक क्षमतेच्या आणि विकासाच्या मर्यादेत योजना आखाव्यात. मर्यादा कुठे आहे हे सरकारच ठरवणार. केरळने 'आश्वासकिरणम' नावाची योजना काढून अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्याला महिन्याला भत्ता द्यायला सुरुवात केली, तो पुढे 600 रुपयांवर गेला. रक्कम तुटपुंजी आहे, पण घरात राबणाऱ्या माणसाच्या कामाची नोंद एका सरकारने तरी घेतली. मावशींच्या घरात असा भत्ता आलेला नाही.

[दृश्य: सेवा केंद्राबाहेरचं बाकडं. मावशी फोनवर.]

या घरात येतो तो दादाचा निराधारचा पगार, म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे. तो चालू ठेवायला काय काय करावं लागतं, ते आता बघा. हा भाग लांबला आहे. प्रत्यक्षात तो याहून कितीतरी लांब असतो.

दादाचा जुना दाखला हाताने लिहिलेला होता. आता वैश्विक ओळखपत्र, म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगाचं कार्ड, लागतं. त्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज. अर्जासाठी आधार. आधारला जोडलेला मोबाइल दादाच्या वडिलांकडे, आणि वडील उसाच्या फडात, जिथे रेंज कधी असते, कधी नसते. केंद्रातला मुलगा ओटीपी पाठवतो, मावशी फोन लावतात, फोन लागेपर्यंत ओटीपीची मुदत संपते. पुन्हा पाठवायचा. तिसऱ्या वेळी वडिलांनी फोन उचलला, ट्रॉलीवर चढून आकडे वाचले, आणि अर्ज पुढे सरकला.

[दृश्य: भाड्याची जीप. मागच्या सीटवर गोधडी अंथरून दादा.]

एसटीत दिव्यांगाला भाड्यात सवलत आहे, सोबत्यालाही आहे. चांगली सोय आहे ती. पण ज्याला बसताच येत नाही त्याला गाडीच्या पायऱ्या चढवून न्यायचं कसं? म्हणून जीप. जीपचं भाडं आणि त्या दिवशी मदतीला आलेल्या भाच्याचा बुडालेला रोज, दोन्ही घरातूनच.

[दृश्य: सरकारी रुग्णालयाचं आवार. रांग. कुबड्या, तीनचाकी, पाठीवर घेतलेली मुलं.]

अपंगत्व तपासून दाखला देणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डाचा वार ठरलेला असतो, त्यामुळे आसपासच्या सगळ्या तालुक्यांतली माणसं एकाच दिवशी येतात. या रांगेत एक गोष्ट लक्षात येईल. दिव्यांग माणूस एक, आणि त्याच्यासोबत आलेली माणसं दोन किंवा तीन. कुणी पाण्याची बाटली धरलीय, कुणी कागदांची पिशवी, कुणी माणसालाच धरलंय. आजचं काम सोडून आलेली ही सगळी माणसं कुठल्याच रजिस्टरात नाहीत.

तपासणीच्या खोलीत कॅमेऱ्याला परवानगी नव्हती. दादाच्या बाबतीत तिची गरजही पडली नाही. एक डॉक्टर स्वतः जीपपाशी आले, खाली वाकून त्यांनी दादाचे हातपाय तपासले, मावशींना दोन-चार प्रश्न विचारले आणि कागदावर सही केली. नियम न मोडता हे करता येतं, हे मुद्दाम दाखवतो आहोत.

80 टक्क्यांच्या वरचं अपंगत्व, म्हणून निळ्या पट्टीचं कार्ड. ते हातात आलं की तहसील. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, वयाचा पुरावा, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक. मग तालुक्याच्या समितीपुढे प्रकरण. मंजूर झालं तरी दरवर्षी हयातीचा दाखला.

[दृश्य: अंगठा घेण्याचं यंत्र. दादाचा हात. मावशींचा हात.]

आणि या यंत्रापुढे सगळं अडतं. पडद्यावर म्हणतोय, बोट ठेवा. दादाची मूठ बंद. केंद्रातला मुलगा भला आहे, पण तो बोट ओढायला जातो. मावशी त्याला थांबवतात. मनगट आत वाकवतात, बोटं सैल पडतात, अंगठा काचेवर टेकतो. हिरवा दिवा लागतो. सरकारी यंत्र चालतं ते या बाईला जे येतं त्याच्या जोरावर.

या सगळ्यात मावशींची कंबर गेली आणि थोरलीचं शिक्षण दहावीनंतर थांबलं.

[दृश्य: पासबुकाच्या नोंदी. आकडे मोठे करून.]

आता रकमेचं बघू. 2023 सालापासून या योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळत होते, दिव्यांगांना आणि बाकीच्या निराधारांनाही तेवढेच. कायदा काय म्हणतो? दिव्यांगांना मिळणारं साहाय्य तशाच योजनेतल्या इतरांपेक्षा किमान 25 टक्क्यांनी जास्त हवं. 1500 वर 25 टक्के धरले तर 1875 होतात. हा फरक दिव्यांगांच्या हक्काचा होता. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम 2500 केली. ही वाढ आंदोलनं करून, उपोषणं करून मिळालेली आहे, कुणी आपणहून दिलेली नाही. केंद्राच्या दिव्यांग निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा मात्र 2012 पासून 300 रुपयेच आहे, आणि तोही 80 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला.

शिवाय उत्पन्नाची अट. दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 50,000 च्या आत हवं. 2025-26 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. घरात दुसरी कसलीही कमाई नाही असं धरलं, तरी त्या दराने 160 दिवस काम केलं की 49,920 रुपये होतात. 161 व्या दिवशी मुलाचा पगार धोक्यात. आईने कमवावं की मुलाने योजनेत राहावं, अशी निवड करायला लावणारी अट कुठल्या हिशेबाने न्याय्य म्हणायची? सांभाळणाऱ्याची कमाई या मर्यादेतून वगळा, ही आमची पहिली मागणी आहे.

[दृश्य: शहर. सोसायटीतलं घर. निवृत्त वडील, तिशीतली मुलगी कागदी पिशव्या घडी करते आहे.]

शहरात चित्र वेगळं दिसतं. इथे नोकरी होती, पेन्शन आहे. आयकराच्या जुन्या करप्रणालीत घरातल्या दिव्यांगाच्या सांभाळासाठी उत्पन्नातून 75,000 रुपयांची, अपंगत्व तीव्र असेल तर 1,25,000 ची वजावट मिळते. म्हणजे ज्याला कर भरण्याइतकी कमाई आहे त्याला सरकार सांभाळाचा खर्च मान्य करतं. ज्याची कमाई तेवढी नाही, त्याचा तोच खर्च कुठे मांडायचा याला रकाना नाही.

मुलीला बौद्धिक अपंगत्व आहे. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपली, आता दुपारपर्यंत कार्यशाळा. वडिलांनी राष्ट्रीय न्यास या केंद्राच्या संस्थेच्या कायद्याखाली, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज केला, निरामय आरोग्य विमा काढला. कागद सगळे जागेवर. तरी कॅमेरा बंद करायच्या आधी त्यांनी जे विचारलं, तेच प्रत्येक घरात ऐकायला मिळालं, 'आमच्यामागं हिचं कोण?'

[दृश्य: 3 डिसेंबर. सभागृह, व्यासपीठ, सत्कार.]

3 डिसेंबर, जागतिक दिव्यांग दिन. 2022 साली याच दिवशी महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग सुरू केला. अभिमान वाटावा असाच तो निर्णय होता. आता या सभागृहात जरा मागच्या बाजूला बघा. प्रत्येक चाकाच्या खुर्चीमागे कुणीतरी उभं आहे. शाल पुढच्याला मिळते, फोटो पुढच्याचा निघतो. मागे उभं राहणारी बहुतेक वेळा बाईच असते. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणातही तेच दिसतं. 15 ते 59 वयाच्या 41 टक्के बायका घरातल्यांची काळजी घेण्याचं काम करतात, पुरुष 21.4 टक्के. हे काम करणाऱ्यांत बाईचा दिवसाला सुमारे 140 मिनिटं वेळ जातो, पुरुषाचा 74. यात मुलंबाळं, म्हातारी माणसं सगळी आली. मावशींसारख्यांचे चोवीस तास या सरासरीत कुठेच दिसत नाहीत.

[दृश्य: ग्रामपंचायतीचं अंगण. ग्रामसभा. सतरंजीवर मोजक्या बायका.]

भत्ता हवाच. त्याचबरोबर बोर्डाने तालुक्याला यावं, अंथरुणावरच्या माणसाची हयात घरी येऊन तपासावी, आणि सांभाळणाऱ्याला महिन्यातून दोन दिवस तरी सुट्टी मिळेल अशी विसाव्याची जागा तालुक्यात असावी. कलम 38 खाली जास्त आधाराच्या गरजेसाठी अर्ज करता येतो, दिव्यांग व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कुणालाही करता येतो. तो करा.

आणि एक पैसा तर गावातच आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. 26 जानेवारीच्या या ग्रामसभेत मावशी आलेल्या नाहीत, दादाजवळ थांबायला दुसरं कुणी नव्हतं. उठून बोलते आहे ती थोरली. तिने मागच्या तीन वर्षांचा 5 टक्क्यांचा हिशेब मागितला. ग्रामसेवकांनी आधी 'बघू' म्हटलं. तिने इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगितलं, आणि ते लिहिलं गेलं. हिशेब 1 मेच्या ग्रामसभेत ठेवायचा आहे.