झेंडा कंबरेच्या वर

श्रोतेहो, नमस्कार. 17 सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन जवळ आलाय. गावोगावच्या शाळांत लेझमीचा सराव सुरू झालाय. म्हणून आज बोलू या अंगावर आपला तिरंगा झेंडा कसा लावावा यावर.

आमच्या भागातल्या एका शिंपीकाकांची गोष्ट सांगतो. 17 सप्टेंबरच्या आधी एका शाळेच्या बाई त्यांच्याकडे झेंडे छापलेले रुमाल घेऊन आल्या. लेझीम पथकातल्या मुलींच्या कंबरेला बांधायचे, फक्त टोकं दुमडून द्या म्हणाल्या. काकांनी मशीनवरचा पाय काढला. "मॅडम, हे काय सांगायलात? पोरी लेझीम खेळताना वाकणार, बसणार. झेंडा मातीत लोळंल की!" बाई म्हणाल्या, सगळीकडे मिळतात हे रुमाल. तेव्हा काका शांतपणे म्हणाले, "निजामाच्या रझाकाराच्या काळात माझ्या बापानं हा झेंडा ज्वारीच्या कणगीत लपवला होता. घरी झडती आली, पण कणगी उघडू दिली नाही. तो झेंडा म्या कंबरेला कसा बांधू?"

बाईंनी ते रुमाल तिथंच पिशवीत घातले. मग काकांनी कंबरेसाठी साधे केशरी पट्टे शिवले, आणि डाव्या छातीवर लावायला झेंड्याचे छोटे बिल्ले आणवले. दीड इंच लांब, एक इंच उंच. प्रमाण तीनास दोन, जसं असायला हवं तसं. हाताखालच्या पोरानं एक बिल्ला उलटा टाचला, हिरवा वर. काकांनी तो उसवून पुन्हा लावायला लावला. मला विचाराल तर गणवेश गावच्या शिंप्याकडूनच शिवून घ्यावा. तयार कपड्यांच्या गठ्ठ्यात असा उलटा बिल्ला कोण बघणार?

कायदाही काकांच्याच बाजूचा आहे, बरं का. राष्ट्रीय सन्मानाचा अवमान रोखणारा कायदा 1971 चा. त्यात 2005 साली दुरुस्ती झाली, आणि पोशाखावर, गणवेशावर झेंडा लावायला वाट मोकळी झाली. पण कंबरेच्या वर. पुन्हा सांगतो, कंबरेच्या वर. रुमाल, उशीचे अभ्रे, आतले कपडे, ड्रेसचं कापड, यांवर झेंडा छापायचा नाही, भरतकामातही काढायचा नाही. अवमान केला तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं.

2021 च्या अखेरीपासून पॉलिस्टरचा, मशीनवर केलेला झेंडाही चालतो. तरी आपल्या नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात. शाळेवर फडकवायला तोच आणावा, असं मी आग्रहानं म्हणेन. सूत कातणाऱ्या, विणणाऱ्या हातांना काम मिळतं.

तर माय-माउल्यांनो, गुरुजनांनो, बिल्ला लावताना केशरी वर आहे ना, ते बघा. प्रभातफेरीहून आल्यावर बिल्ला काढून डबीत ठेवा, मगच कपडे धुवायला टाका. पोरांच्या हातातले कागदी झेंडेही मैदानात पडू देऊ नका, तिथल्या तिथं गोळा करून घ्या. नमस्कार.