बासान्तो सामा कोण?

नमस्कार श्रोतेहो. वर्षभरासाठी जपानला राहायला जायचं तर काय तयारी करावी, हा आजचा विषय. आठ दिवस फिरायला जाणाऱ्यांनी मनावर घेऊ नका, तुम्हाला हॉटेलवाले सांभाळून घेतील. वर्षभर राहणाऱ्याला घर, बँक, दवाखाना, कचरा हे सगळं एकट्याने निस्तरावं लागतं.

पहिलीच गोष्ट सांगते. जाण्याआधी आपलं नाव तयार करा. बॅगेचं नंतर बघू.

म्हणजे असं. जपानीत परदेशी नावं काताकाना लिपीत लिहितात. या लिपीत 'ल' नाही, त्याचं काम 'र' करतो. इंग्रजीत 'v'ने लिहिलेला 'व' आला की बहुतेक वेळा 'ब' होतो. आणि एक 'न्' सोडला तर अक्षराचा पाय मोडायची सोय नाही, प्रत्येकाच्या पाठीशी स्वर हवाच. त्यामुळे तुम्ही कुलकर्णी असाल तर 'कुरुकारुनी', लीला असाल तर 'रीरा'. हसताय ना? मीही हसले होते.

मी 2014 साली संशोधनासाठी नागोयाला गेले. महिना झाला असेल नसेल, कान दुखायला लागला. घराजवळच कानाचा छोटा दवाखाना होता. दारात बूट काढून हिरव्या स्लिपर घातल्या, त्याही पुढून दोन बोटं तोकड्या. काउंटरवर रहिवासी कार्ड दिलं. त्यावर नाव रोमन अक्षरांत, पासपोर्टवरून जसंच्या तसं उतरवलेलं : आधी आडनाव, मग माझं नाव आणि त्याला चिकटून वडिलांचं. वडिलांचं नाव वसंत. काउंटरवरच्या बाईंनी कार्ड दोनदा वाचलं, काहीतरी लिहिलं, मान लववली. मी जाऊन बसले.

बसले ती बसलेच. माझ्यामागून आलेल्या आजी आत जाऊन बाहेर आल्या. शाळेचा गणवेश घातलेला मुलगा जाऊन आला. मधूनमधून नर्स दारात येऊन हाक मारायची, "बासान्तो सामा". 'सामा' म्हणजे आपलं राव-साहेब म्हणा, मान देऊन पुकारायचं. कोणी उठेना. मी मनात म्हटलं, कोण हा बासान्तो, नंबर लावून चहा प्यायला गेलेला! तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी चक्क इकडेतिकडे बघून त्याला शोधलं.

मग नर्स थेट माझ्यासमोर आली. गुडघ्यावर बसली. माझ्या कानाशी तोंड आणून, एकेक अक्षर सुटं करून म्हणाली, "बा, सा, न्, तो, सा, मा". आणि कागद पुढे केला. कागदावर काताकाना. मला कुठे वाचता येत होतं! मी छानसं हसले. तिनेही हसून मान हलवली आणि हाताला धरून मला आत नेलं.

आत म्हणजे डॉक्टरांकडे नाही हं. एका काचेच्या खोक्यात. डोक्यावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. कानाच्या दवाखान्यात तीन हाकांना जी बाई हलत नाही, तिला ऐकू येत नसणार, त्यांचं तरी काय चुकलं? मी पंधरा मिनिटं इमानेइतबारे बटण दाबलं.

डॉक्टर आलेख बघून बुचकळ्यात. श्रवणशक्ती ठणठणीत. कानात बघितलं तर मळाचा खडा, तो त्यांनी दोन मिनिटांत काढला. मग त्यांनी कागदावर रोमन अक्षरांत 'वसंत' लिहून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "हे तुमचं नाव ना?" मी म्हटलं, "नाही, वडिलांचं." ते एकदम ताठ बसले. दाराकडे बघून म्हणाले, "ते आलेत का? कुठे बसलेत?"

तर, पुन्हा सांगते, नाव तयार करा. कोणत्या नावाने हाक मारून घ्यायची ते घरीच ठरवा. काताकानात ते जाणत्या माणसाकडून लिहून घ्या. एकच रूप ठरवा आणि पालिका, बँक, दवाखाना, सगळीकडे तेच द्या. बँकेच्या बाबतीत तर फारच जपा. तिथे खात्यावर पैसे येतात ते काताकाना नावावरून. लांब स्वराची एक आडवी रेघ इकडची तिकडे झाली तरी पैसे आल्या पावली परत जातात. माझी शिष्यवृत्ती एकदा गेली होती. आणि ठरवलेलं नाव दुसऱ्याच्या तोंडून पन्नासदा ऐका. कानाला सवय हवी.

काताकाना शिकणं अवघड नाही. मूळ अक्षरं 46. आणि गंमत बघा, त्यांचा क्रम आहे अ, क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटला ना? बौद्ध भिक्षूंनी संस्कृतासाठी नेलेल्या सिद्धम् लिपीच्या अभ्यासातून आपली वर्णमालाच तिकडे गेली. 'ह' बसलाय ती जागा मूळची 'प'ची. आपल्याला अर्धं पाठांतर फुकट. पण आजकाल लोक मोबाईलवर दहा भाषांत 'धन्यवाद' शिकतात आणि एकाही भाषेत स्वतःचं नाव वाचू शकत नाहीत! असो.

वेळ संपत आला, बाकीचं पटापट सांगते. राहायची जागा मिळाली की 14 दिवसांच्या आत पालिकेत पत्ता नोंदवायचा. तीन महिन्यांहून जास्त राहणार असाल तर आरोग्य विमा घ्यावाच लागतो. कामाच्या ठिकाणचा नसेल तर पालिकेचा, मग दवाखान्याच्या बिलाचा साधारण 30 टक्के भाग आपण भरायचा. त्या बटण दाबण्याचेही मी भरले. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं परवान्याशिवाय एक महिन्याचीच नेता येतात, जास्त हवी तर निघण्याआधी तिकडून परवानगी मागवा. सर्दीच्या गोळ्यांचं पाकीट वाचून घ्या, स्यूडोएफेड्रिन, म्हणजे चोंदलेलं नाक मोकळं करणारं औषध, 10 टक्क्यांहून जास्त असेल तर आधी परवानगी घेतल्याशिवाय न्यायला बंदी आहे. घर भाड्याने घेताना अनामत वेगळी आणि घरमालकाचे आभार म्हणून द्यायची 'रेइकिन' वेगळी. ती परत मिळत नाही. पैसे देऊन वर आभारही आपणच मानायचे, हे मला अजून पटलेलं नाही.

आणि मिक्सर नेऊ नका! तिकडे वीज 100 व्होल्टची, पूर्वेला 50 हर्ट्झ, पश्चिमेला 60, कारण सुरुवातीला टोकियोने जनित्रं जर्मनीची घेतली आणि ओसाकाने अमेरिकेची. घरचा मिक्सर तिथे नुसता कण्हतो.

अरे हो, बाबांचं राहिलंच. त्या संध्याकाळी त्यांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडे जरा वेळ शांतता. मग बाबांनी विचारलं, "बरं, मग डॉक्टर काय म्हणाले? कसा आहे मी?"