बारा चित्रं, एक वल्हं

(माहितीपटाचं निवेदन. पडदा काळा. फक्त आवाज : कागद फडफडतात, थांबतात, पुन्हा फडफडतात.)

डाव्या हाताच्या बोटांच्या फटींत तिनं कागद अडकवलेत. एकेक खाली सोडते, एकेक वर उचलते. काचेखालून उजेड येतोय, त्यामुळे एका कागदावरची रेष दुसऱ्यातून दिसते. नजर जागची हलत नाही. आज शनिवार. सकाळची शाळा सुटली तशी ती इथं आली. नववीत आहे. गणवेश अजून अंगावरच आहे.

ही सांगलीच्या गावभागातली माडीवरची खोली. इथं मुलं कागदावरची चित्रं हलवायला शिकतात. कृष्णेचा घाट इथून चालत पाच-सात मिनिटांवर.

ही काचेची पेटी जवळून पाहा. जुन्या खिडकीची काच, चार फळ्या, आत एलईडीची पट्टी. काचेच्या कडेला लाकडाची एक पट्टी, तिच्यावर दोन खुंट्या. कागदाला ऑफिसातल्या साध्या पंचनं दोन भोकं पाडायची आणि कागद खुंट्यांवर बसवायचा. मग शंभर कागद बदलले तरी चित्र केसभर सरकत नाही. मोठ्या स्टुडिओत याच कामाला तीन खुंट्यांची पट्टी असते, मधली गोल आणि कडेच्या दोन चपट्या. इथल्या दोन खुंट्या सायकलच्या दुकानातून आणलेल्या नळीच्या तुकड्यांच्या आहेत. काम तेच करतात.

शिकवणारे सर निवृत्त चित्रकला शिक्षक. नोकरीची सगळी वर्षं मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवण्यात गेली. आता दर शनिवारी या खोलीत सात-आठ मुलं येतात आणि हातानं काढलेलं, टूडी ॲनिमेशन शिकतात. कागद, पेन्सिल, खोडरबर.

(कृष्णेचं पात्र. होड्या. काठावर गर्दी, आरडाओरडा.)

हे दृश्य गेल्या पावसाळ्यातलं. कृष्णेत होड्यांच्या शर्यती लागल्यात. मागं दिसतो तो आयर्विन पूल, १९२९ सालचा. काठावरचा प्रत्येक जण आपल्या होडीला हाका मारतोय. या गर्दीत आपली नववीतली मुलगी कुठं आहे? ही बघा, कठड्याला टेकलेली. ती ओरडत नाहीये. ती मोजतेय.

एका वल्ह्याला एक सेकंद.

सिनेमात एका सेकंदाला चोवीस चौकटी, म्हणजे फ्रेम असतात. हातानं चित्रं काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं पुरतात. तिनं मोजलेलं एक वल्हं बरोबर बारा कागदांत बसतं. तेरावा कागद लागत नाही, कारण बाराव्यानंतर पुन्हा पहिला येतो आणि होडी चालत राहते.

आधी महत्त्वाची चित्रं काढायची. त्यांना 'की' म्हणतात. पहिलं : अंग पुढं वाकलंय, वल्ह्याचं पातं नुकतंच पाण्याला लागलंय. सातवं : अंग मागं रेललंय, पातं पाण्याबाहेर निघतंय. या दोन टोकांच्या मधली चित्रं नंतर भरायची. ती भरण्याआधी सर तिला खोलीच्या मध्यभागी पाटावर बसवतात आणि हातात केरसुणीचा दांडा देतात.

"आधी करून बघ की. कंबरेत कुठं ओढ बसते?"

ती ओढून बघते. समोर भिंतीला आरसा टेकवलेला आहे. बाकीची मुलं हसतात, मग एकेक जण स्वतःच दांडा मागून घेतो. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलं ते याच गावात. सांगलीच्या पोरांना अभिनय शिकवावा लागत नाही असं इथं सगळेच म्हणतात. पेन्सिलीनं पात्र हलवायचं तर आधी ते आपल्या अंगात यावं लागतं, हे या खोलीत तीन शनिवार बसल्यावर आम्हालाही पटलं.

(मोबाइलच्या स्क्रीनवर पेन्सिल टेस्ट.)

ही तिची पहिली पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्ची चित्रं चालवून बघायची चाचणी. बारा कागद, वरून मोबाइलनं एकेक करून टिपलेले. हात फिरतात, वल्ही फिरतात. तरीही काहीतरी चुकतंय. होडी हवेत असल्यासारखी वाटते.

सर काहीच सांगत नाहीत. सगळे कागद एकावर एक ठेवतात, दिवा लावतात आणि वल्ह्याच्या टोकावर बोट ठेवतात. बारा कागदांवरची बारा टोकं एकदम दिसतात. सगळ्या टोकांमध्ये सारखंच अंतर, म्हणजे पाण्यात आणि हवेत वेगही सारखाच.

तिला कळलं.

ती दुसरा कागद घेते, वल्हं खोडते आणि पहिल्याच्या अगदी जवळ पुन्हा काढते. तिसरंही जवळ. चौथं थोडं लांब. पातं पाण्यात असेपर्यंत चित्रांची दाटी, पाण्याबाहेर आलं की मोकळीक. दोन तास गेले. बाहेर अंधारून आलंय.

(दुसरी पेन्सिल टेस्ट. निवेदन थांबते.)

अजून पाण्याचा एक थेंबही काढलेला नाही. तरी ते वल्हं पाणी कापतंय हे दिसतं. पाण्याचं वजन दोन चित्रांच्या मधल्या अंतरात आलंय. मधली चित्रं कॉम्प्युटर भरून देतो, आता तर चार ओळी लिहून दिल्या की अख्खं हलतं चित्र मिळतं. पण दाटी कुठं आणि मोकळीक कुठं, हे ठरवणारा डोळा काठावर उभा राहूनच तयार होतो. आम्ही हा माहितीपट करायला घेतला तो या एका दृश्यासाठी.

आपल्याकडे ही विद्या नवी नाही. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप एकेक चौकट टिपत वाढताना दाखवलं होतं. पुढं त्यांनी आगकाड्याही नाचवल्या. १९५६ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात डिस्नेतले क्लेअर वीक्स शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते, ज्यांना भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हटलं जातं. १९७४ साली विजया मुळे यांनी 'एक अनेक और एकता' ही छोटी ॲनिमेशन फिल्म केली, त्यातली चित्रं भीमसेन यांची. दूरदर्शनवर ती पाहिलेली माणसं आज पन्नाशीत आहेत आणि त्यातल्या चिमण्या त्यांना अजून आठवतात. सर त्यातलेच एक.

आणि आज? २०२४ चा ॲनिमेशनपटाचा ऑस्कर जपानच्या हायाओ मियाझाकी यांच्या हातानं काढलेल्या चित्रपटाला मिळाला, तेव्हा ते ८३ वर्षांचे होते. त्यांच्या घिबली स्टुडिओत वापरलं जाणारं टून्झ हे सॉफ्टवेअर २०१६ पासून ओपनटून्झ नावानं सगळ्यांना फुकट मिळतं. या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. २०१८ च्या ॲनिमेटेड स्पायडर-मॅनमध्ये तर थ्रीडी पात्रांवर हाताच्या रेषा चढवल्या आणि बऱ्याच ठिकाणी सेकंदाला बाराच पोझ ठेवल्या. म्हणजे हॉलिवूडचं यंत्रही पुन्हा पेन्सिलीच्या तालावर आलं. मध्यंतरी घरोघरी आपापले फोटो घिबलीच्या चित्रांसारखे करून व्हॉट्सॲपवर लावायची लाट आली होती. मुलांनीही केले. मग सरांनी त्यांना विचारलं, या चित्रातलं गवत कुणी बघितलं होतं? मुलं दुसऱ्या दिवशी हरिपूरच्या वाटेवर गवत काढायला गेली. ही त्यांची वही.

(वहीची पानं. एकामागून एक. गवत, गवत, वाऱ्यात वाकलेलं गवत.)

इथून मुलं पुढं पुण्या-मुंबईला जातात, कुणाला काम लागतं, कुणी दुसऱ्या वाटेनं जातं. २०१९ च्या महापुरात सरांच्या घराच्या खालच्या खोलीत पाणी आलं आणि आधीच्या मुलांची चित्रं गेली.

आता राहिलं पाणी.

होडी बारा कागदांत चालते. तेच बारा कागद सहा वेळा फिरवले की सहा सेकंदांचा शॉट होतो. मुलीनं पाण्यासाठीही हीच युक्ती करून पाहिली आणि स्वतःच थांबली. लाट दर सेकंदाला त्याच जागी, त्याच आकाराची उठत होती.

"सर, असं नसतंय पाणी."

"मग?"

"सगळं काढते."

सहा सेकंद म्हणजे बहात्तर चित्रं. एकही पुन्हा वापरायचं नाही. कोपऱ्यात आकडा घातलाय : १, २, ३. चाळीसाव्या कागदाजवळ पेन्सिल बोटभर उरलीय. पुढच्या शनिवारी ती आली तेव्हा एकोणसाठपर्यंत झाले होते. बाकीचे तिनं घरी कणीक मळायच्या ओट्यावर काढले, आईनं तेवढा वेळ ओटा तिला दिला.

हा बहात्तरावा कागद. ती तो खुंट्यांवर बसवते, कडा हातानं सारखी करते. सर मोबाइल स्टँडला लावतात. खोलीतली सगळी मुलं मागं येऊन उभी राहिलीत.

(पूर्ण शॉट, सहा सेकंद. फक्त वल्ह्यांचा आवाज.)