पॅरामीटर दिलाच नव्हता!

मंडळी, विषय ‘ट्रेसिंगची कर्नल मॉड्यूल लोड का होत नाहीत’ असा छापलाय; म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, कर्नलमध्ये, काय चाललंय याचा माग काढणारे आणि चालू कर्नलला जोडायचे तुकडे. तिकडे येतोच, पण आधी इन्समॉड या मॉड्यूल लोड करणाऱ्या आज्ञेविरुद्धची तक्रार नोंदवू द्या.

मॉड्यूल नाकारताना कर्नल फक्त एक आकडा परत करतं; त्याचा अर्थ लावून सांगतं इन्समॉड. आकडा 8 असेल तर ते म्हणतं ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’. मॉडप्रोब ही तेच काम करणारी दुसरी आज्ञा त्याच 8 ला ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ म्हणतं. दोघं एकाच पॅकेजमधले, पण एकवाक्यता नाही! 22 ची तर कमालच: ‘इनव्हॅलिड पॅरामीटर्स’. अहो, पॅरामीटर दिला कोणी? अनेकदा असं असतं की एखाद्या सिम्बॉलचा (मॉड्यूल वापरतं त्या कर्नलमधल्या फंक्शनचं किंवा व्हेरिएबलचं नाव) सीआरसी, म्हणजे पडताळणीचा आकडा, जुळलेला नसतो. ‘डिसअ‍ॅग्रीज अबाउट व्हर्जन ऑफ सिम्बॉल’ ही ओळ डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या नोंदींत, सिम्बॉलच्या नावासकट पडलेली असते. आपण मात्र पॅकेज काढून पुन्हा टाकत बसतो. हात वर करायला लावत नाही, घाबरू नका.

8 चं नेहमीचं कारण व्हरमॅजिक, म्हणजे मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलं याचा त्यातला शिक्का. कर्नल अपडेट झालं, रीबूट राहिलं. हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली) आले नव्या कर्नलचे, मॉड्यूल बांधलं गेलं त्यांच्यावर, आणि चालू आहे जुनं. चालू कर्नलची आवृत्ती सांगणारं ‘यूनेम -आर’ आणि मॉड्यूलचा शिक्का दाखवणारं ‘मॉडइन्फो -एफ व्हरमॅजिक’ शेजारी-शेजारी ठेवून बघा. कंटेनरमध्ये (होस्ट यंत्राचंच कर्नल वापरणाऱ्या वेगळ्या कप्प्यात) बांधत असाल तर ‘यूनेम’ होस्टचं कर्नल सांगतं आणि हेडर मिळतात कंटेनरच्या डिस्ट्रोचे, म्हणजे त्यातल्या लिनक्स वितरणाचे. म्हणून होस्टचे हेडर आत माउंट करा. ‘/लिब/मॉड्यूल्स’मधल्या त्या आवृत्तीच्या फोल्डरात ‘बिल्ड’ ही लिंक तुटलेली असेल, तर हेडर बसलेलेच नाहीत. (मॉडव्हर्जन्स, म्हणजे सिम्बॉलचे सीआरसी तपासायची कर्नलची सोय, चालू असेल तर व्हरमॅजिकमधला आवृत्तीचा पहिला शब्द तुलनेत धरतच नाहीत, सीआरसी बघतात. यावर वेगळं व्याख्यान होईल.)

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं!

‘अननोन सिम्बॉल’ दिसलं तर नाव वाचा. ‘कॉलसिम्स_लुकअप_नेम’ असेल तर 5.7 पासून ते मॉड्यूलांना उघडं नाही. जुना ट्रेसर बदला, कर्नलला हात लावू नका. सिम्बॉल फक्त जीपीएल (मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना) मॉड्यूलांसाठी असेल आणि तुमच्या मॉड्यूलचा परवाना तसा नसेल, तरी हीच ओळ येते.

किल्लीची तक्रार आली तर सिक्युअर बूट, म्हणजे विश्वासू सही नसलेला कोड चालू न देणारी सोय, तपासा. किल्लीजोडी करा, सार्वजनिक किल्ली ‘मोकयुटिल --इम्पोर्ट’ने द्या, रीबूट करून मोक (यंत्रमालकाची किल्ली) मॅनेजरच्या पडद्यावर पासवर्ड टाकून ती नोंदवा आणि ‘साइन-फाइल’ने सही करा. सहीनंतर ‘स्ट्रिप’ (फाइलमधला जादा भाग काढणारी आज्ञा) चालवू नका. सही फाइलच्या शेपटाला असते, ती उडते.

रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असूनही ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’? लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये फेरफार करू न देणारी सोय) बघा, नाहीतर ‘मॉड्यूल्स_डिसेबल्ड’ हे मॉड्यूल लोड करणंच बंद करणारं सेटिंग. ते एकदा 1 झालं की रीबूटशिवाय 0 होत नाही, मग तुम्ही कितीही रूट असा.