दार लटकलंय? आधी स्ट्रायकरला हात लावू नका

नमस्कार मंडळी! ड्रायव्हरकडचं दार जरा उचलून धरल्याशिवाय लागत नाही, अशी गाडी तुमच्याकडे असेल तर आजचा व्हिडिओ तुमच्यासाठीच आहे.

अशा वेळी बऱ्याच ठिकाणी सोपा उपाय करतात. पिलरवरचा, म्हणजे दाराच्या चौकटीच्या उभ्या खांबावरचा स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतं ती लोखंडी कडी) ढिला करून खाली सरकवायचा. पाच मिनिटांत दार लागायला लागतं. पण दार खाली बसलेलं ते बसलेलंच राहतं, रबर नीट दाबलं जात नाही आणि पावसाळ्यात सीट भिजते. मला हा उपाय अजिबात पटत नाही. मूळ दुखणं बिजागरीत असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

हे बघा. दार अर्धं उघडलं. आता लॉकच्या बाजूला खालून दोन्ही हात लावून हळूच उचलायचं आणि सोडायचं. उचलताना लक्ष वरच्या बिजागरीवर ठेवा. पिन तिच्या भोकात हलतेय? मग पिन किंवा बुश, म्हणजे पिनभोवतीची छोटी नळी, झिजलाय. तिथे काळपट-तांबूस ओघळ दिसतो, तो झिजलेल्या लोखंडाचाच. पिन घट्ट आहे पण बिजागरीची पूर्ण पट्टी सरकतेय, तर बोल्ट ढिले झालेत, नुसते आवळून काम होईल. आणि पट्टीभोवतीचा पत्राच आत-बाहेर होत असेल, तर पिलरला तडा गेलाय किंवा पत्रा सडलाय. कोकणातल्या खाऱ्या हवेतल्या जुन्या गाड्यांमध्ये हे नक्की तपासा. ते वेल्डिंगचं काम आहे, घरी करू नका.

वरचीच बिजागरी का? उघड्या दाराचं वजन वरच्या बिजागरीला बाहेर ओढतं आणि खालचीला आत दाबतं. दोन बिजागऱ्यांत 35 सेंटिमीटर अंतर आणि दार मीटरभर लांब धरा. वर फक्त 1 मिलिमीटर प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, तरी लॉकजवळ दार जवळपास 3 मिलिमीटर खाली येतं.

आता काम. पिन ठोकून निघणारी असेल तर नवी पिन आणि बुश पुरतात. पिन रिव्हेट केलेली असेल तर अख्खी बिजागरी बदला. बिजागरी पिलरला वेल्ड केलेली असेल, तर मात्र गाडी डेंटरकडेच न्या.

बोल्टची असेल तर आधी दाराखाली जॅक, त्यावर लाकडाची फळी आणि जाड कापड. जुन्या पट्टीभोवती मार्करने रेघ मारा, नवी त्याच रेघेत बसवायची आहे. आणि एका वेळी एकच बिजागरी काढा! दोन्ही एकदम सोडल्या तर दाराची जागा हरवते, शिवाय दाराचा सगळा भार आत जाणाऱ्या वायरिंगवर येतो.

बोल्ट आवळल्यावर दार हळू लावून सगळीकडची फट बघा. ती सारखी आली की मगच स्ट्रायकर, लागलाच तर, जुन्या जागी आणा. पिनमध्ये ग्रीस भरा, पुढे दर पावसाळ्यानंतर भरत राहा.

घरातली वयस्कर माणसं उतरताना दाराची कड धरून उठतात. त्या कडेवर 10 किलो भार आला तर वरच्या बिजागरीवर जवळपास 30 किलोची जादा ओढ बसते. त्यांच्यासाठी आत, दारावरच्या छताला पकडायचा हँडल बसवून घ्या. उठायलाही त्यांना तोच जास्त भक्कम आधार आहे.